वस्तादांचे दोन

दुपारी अडीचच्या सुमाराला नांगरवाडीच्या तालमीतून शड्डूचा आवाज आला.

परगावच्या माणसाला यात नवल वाटणार नाही. तालीम म्हटली की शड्डू (कुस्तीला उभं राहताना मांडीवर किंवा दंडावर मारलेली सणसणीत थाप) आलाच. पण नांगरवाडीच्या तालमीला दुपारी कुलूप असायचं आणि पैलवान पोरं शाळेत असायची. संयोगिता खोत हिच्या वर्गाला त्या दिवशी अर्धीच शाळा होती, म्हणून ती तालमीच्या मागच्या घरात ओट्यावर शेंगा सोलत बसली होती. तिने कान टवकारले. पोराटोरांचा शड्डू टाळीसारखा वाजतो. हा तसा नव्हता. हा दणदणीत होता, पोटातून आल्यासारखा.

संयू धावतच तालमीत गेली. कुलूप उघडं होतं. आत फक्त तिचे आबा होते, हौद्याच्या (कुस्तीच्या तांबड्या मातीच्या खड्ड्याच्या) काठावर, मोठ्या भक्तिभावाने मारुतीच्या तसबिरीकडे बघत उभे.

शड्डू कुणी ठोकला, असं तिने विचारलं.

"डास मारला," आबा म्हणाले आणि किल्ल्या वाजवत बाहेर पडले.

डास कधीच कुणी असा मारत नाही, हे संयूला अकराव्या वर्षीही कळत होतं. पण खरं कोडं वेगळंच होतं. आबांच्या उजव्या मांडीवर तांबड्या मातीचा पंजा उमटला होता. म्हणजे थाप उजव्या हाताने मारलेली. आणि आबांचा उजवा हात नऊ वर्षं चहाचा कपसुद्धा उचलत नव्हता.

ही गोष्ट २०५८ सालची. तोवर नांगरवाडीला बिनड्रायव्हरची एसटी येऊ लागली होती आणि हौद्यातली माती किती ओली आहे हे भिंतीवरचा दिवा सांगत असे. तालीम मात्र जुन्या वळणाची होती. रणजित खोत, म्हणजे संयूचे आबा, तिथले वस्ताद. एके काळी त्यांनी तीन जिल्ह्यांतल्या पैलवानांना आभाळ दाखवलं होतं. आता सहासष्ट वर्षांचे झाले होते आणि नांगरवाडीच्या बावीस पोरापोरींना कुस्ती शिकवत होते. नऊ वर्षांपूर्वी एका दांडग्या गड्याला डाव दाखवताना ते खांद्यावर पडले आणि सांधा निखळला. तो बसवला, सहा आठवडे हात गळ्यात बांधला. पुढे काढलेल्या सगळ्या फोटोंत हाड जागच्या जागी, सांधा ठणठणीत. फक्त दुखणं तेवढं गेलं नाही. गोळ्या झाल्या, शेक झाले, व्यायाम झाले. मग आबांनी डाव्या हाताने जेवायला, लिहायला आणि चहा प्यायला सुरुवात केली, आणि त्यावर चकार शब्द काढला नाही.

न काढण्याचं कारण तालमीच्या भिंतीवर होतं. डोक्याच्या वर, काळ्या रंगात, आबांच्या वस्तादांनी लिहून ठेवलं होतं: 'दुखतंय म्हणेल त्याला पन्नास जोर.' जोर म्हणजे दोन्ही हातांवर अंग तोलून मातीला छाती लावायची आणि उठायचं. पन्नास मारले की उठताना माती गरगर फिरते. दर दसऱ्याला तो मजकूर नव्या रंगाने गिरवायचा, अशी तालमीची रीत होती. अलीकडे आबा तो डाव्या हाताने गिरवत, त्यामुळे अक्षरं जराशी झोपू लागली होती.

दोन आठवड्यांपूर्वी गावच्या आरोग्य केंद्रात डॉ. शमा मुजावर यांनी आबांच्या खांद्यात एक तार बसवली. केसाहून किंचित जाड अशी. आधी कातडी बधिर केली, मग सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत बघत सुईतून ती तार खांद्यातल्या एका मज्जातंतूजवळ (शरीराचे निरोप मेंदूकडे नेणाऱ्या धाग्याजवळ) नेऊन ठेवली. तारेचं बाहेरचं टोक दंडावर चिकटवलेल्या, रुपयाएवढ्या यंत्राला जोडलं. ते यंत्र तारेतून विजेचे हलके ठोके सोडत राही. कसं वाटतंय, असं विचारल्यावर आबा म्हणाले होते, लांब कुठंतरी हलगी वाजतीया असं वाटतंय.

ही तीन आठवड्यांची चाचणी होती. गुण आला तर कायमचं यंत्र बसवायचं, नाही आला तर तार काढून टाकायची. गुण आला की नाही हे रोज टिपायला केंद्राने एक यंत्रमानव पाठवला होता. त्याचं सरकारी नाव लांबलचक होतं. पोरांनी त्याला टिपण्या म्हणायला सुरुवात केली आणि तो बिचारा त्या नावाला ओ द्यायला लागला. कमरेएवढी उंची, चार चाकं, पोटावर पडदा. रोज संध्याकाळी पाच वाजता तो तालमीत यायचा, हौद्याच्या कडेला मातीत रुतायचा, पोरं त्याला उचलून बाहेर ठेवायची, आणि मग तो आबांना विचारायचा:

"वस्ताद, शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही. दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही. आज किती?"

"दोन," आबा म्हणायचे.

तार बसवण्याआधी आठवडाभर दोन. तार बसवल्यावर चौदा दिवस दोन. टिपण्याच्या पडद्यावर सरळ रेघ उमटली होती, पाटीवर ओढावी तशी.

शड्डूच्या दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. डॉ. मुजावर दर गुरुवारी शहरातून यायच्या. आबांना घेऊन संयू केंद्रात गेली आणि आत शिरताना तिचं कोपर दाराच्या कडीवर खाडकन आपटलं. डोळ्यांत पाणी आलं. 'दुखतंय' म्हणायची सोय नव्हतीच, आबा शेजारी होते. तिने ओठ मिटले आणि कोपर खसाखसा चोळलं.

डॉक्टरांनी ते पाहिलं आणि विचारलं, "कोपर चोळलंस का गं?"

"चोळलं की बरं वाटतं."

"का बरं वाटतं?"

जन्मापासून संयू गुडघे-कोपरं चोळत आली होती, पण हे तिने स्वतःला कधी विचारलं नव्हतं. आबांनीही भुवया उंचावल्या. आयुष्यभर पोरांची अंगं रगडूनसुद्धा हे त्यांनाही सांगता येत नव्हतं.

मग डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढून सावकाश समजावून सांगितलं. अंगभर मज्जातंतूंचं जाळं पसरलेलं असतं. मेंदू आणि मज्जारज्जू (पाठीच्या कण्यातून जाणारा मज्जातंतूंचा जाड दोर) सोडून बाकी अंगात जे तंतू असतात, त्यांना परिघीय मज्जातंतू म्हणतात. त्यांत जाड तंतू असतात आणि बारीकही असतात. जाड तंतू स्पर्शाचे, दाबाचे, चोळण्याचे निरोप नेतात आणि फार झपाट्याने नेतात. दुखण्याचे निरोप बारीक तंतूंमधून जातात, जरा रेंगाळत. हे सगळे आधी मज्जारज्जूत पोचतात आणि तिथून वर मेंदूकडे जातात. पण मज्जारज्जूत जणू एक दार असतं.

"तुमच्या तालमीचं दार केवढं आहे?" त्यांनी विचारलं.

संयूने हाताने दाखवलं. तालमीचं दार बुटकं आणि अरुंद होतं, वाकल्याशिवाय कुणाला आत जाता येत नसे.

समज, डॉक्टर म्हणाल्या, त्या दारातून मोठ्या गटाचे धिप्पाड पैलवान एकामागून एक आत चालले आहेत. मग पहिलीतल्या बारक्या पोरांना आत घुसता येईल का? नाही. ती बाहेर ताटकळतील. कोपर चोळलं की स्पर्शाचे निरोप घेऊन धिप्पाड गडी दाराशी गर्दी करतात आणि दुखण्याच्या निरोपांना वाट मिळेनाशी होते. कोपराला जे झालंय ते झालेलंच असतं, पण त्याची खबर मेंदूला कमी पोचते.

संयूने कोपर पुन्हा चोळून बघितलं, या वेळी शास्त्रज्ञासारखं. मग तिने शंका काढली: असंच असेल तर आबांचा खांदा चोळत बसलं की झालं, तारेची गरज काय?

डॉक्टरांना हा प्रश्न इतका आवडला की त्यांनी टिपण्याला तो टिपून ठेवायला सांगितला. चोळणं थांबवलं की दार पुन्हा मोकळं होतं, त्या म्हणाल्या, आणि दिवसभर कुणी चोळत बसू शकत नाही. तार थेट मज्जातंतूच्या शेजारी बसते. तिचे ठोके नेमके जाड तंतूंना जागं करतात, तेही त्रास होणार नाही इतके हलके. आबांना हलगी ऐकू येते ती हीच. याला परिघीय मज्जातंतू उद्दीपन (मज्जातंतूला विजेच्या हलक्या ठोक्यांनी जागं करणं) म्हणतात.

"पण आबांचं हाड तर कधीच बरं झालंय," संयू म्हणाली. "मग खबर कसली जातीय?"

आबा खिडकीबाहेर बघत होते, पण त्यांचा कान इकडेच होता.

"दारात परका माणूस आला की कुत्रं भुंकतं, ते त्याचं कामच आहे," डॉक्टर म्हणाल्या. "पण एखादं कुत्रं माणूस निघून गेला तरी भुंकत राहतं. तीन महिन्यांहून जास्त टिकलेल्या दुखण्याला आम्ही जुनाट वेदना म्हणतो. पुष्कळदा तिचं असंच होतं. जखम भरलेली असते, पण मज्जातंतूंना ओरडायची सवय लागते आणि मेंदूला ते मोठ्याने ऐकायची. दुखणं मात्र खोटं नसतं. कुत्रं खरोखरच भुंकत असतं."

तार त्या कुत्र्याला हळूहळू शांत करते, असं शास्त्रज्ञांना वाटतं. नेमकं कसं, याचा शोध अजून चालू आहे. सगळ्यांनाच गुण येतो असंही नाही, म्हणून तर आधी चाचणी घ्यायची. आणि चाचणीचा नियम सरळ होता: दुखणं निम्म्याने तरी कमी झालं पाहिजे. दोनाचं एक झालं असतं तरी चाललं असतं. पण दोनाचे दोनच राहिले तर पुढच्या गुरुवारी तार काढावी लागेल. कारण गुण नसताना कुणाच्या अंगात यंत्र ठेवणं बरोबर नाही, डॉक्टर म्हणाल्या.

आबांनी मान डोलावली. जशी तुमची मर्जी, असं म्हणून ते उठले आणि डाव्या हाताने दार उघडून बाहेर पडले.

संयूला तो शड्डू आठवला. गुण आला होता. तिने कानांनी ऐकला होता. मग आबा दोन का म्हणतात?

घरी जाताना तिला उत्तर सुचलं आणि तिचे पाय रस्त्यातच थांबले. आत्ताचे दोन खोटे नसतील फारसे. आधीचे दोन खोटे होते. ज्या माणसाला कप उचलता येत नव्हता, त्याचं दुखणं दोन कसं असेल? पण जास्त आकडा सांगणं म्हणजे 'दुखतंय' म्हणणं, आणि 'दुखतंय' म्हणणं म्हणजे भिंतीवरचा नियम मोडणं.

संध्याकाळी तिने टिपण्याला कोपऱ्यात गाठलं आणि आधीचे आकडे खोडून तिथे नऊ लिही म्हणून सांगितलं. टिपण्या तिची सगळी बाजू शांतपणे ऐकून घेत होता, कारण त्याची मागची दोन चाकं मातीत रुतली होती.

"मला तसं करता येणार नाही," तो म्हणाला. "ताप मोजायला तापमापक आहे, रक्तदाब मोजायला पट्टा आहे. दुखणं मोजायचं यंत्र अजून निघालेलं नाही. ते ज्याचं असतं त्यालाच विचारावं लागतं. दुखणं ज्याचं, आकडा त्याचा."

मग संयूने दुसरा मार्ग धरला. ती आबांच्या मागे सावलीसारखी फिरू लागली आणि दिसेल ते टिपण्याला सांगू लागली. आबांनी उजव्या हाताने लोटा उचलला. आबा उजव्या कुशीवर झोपले. आबांनी सदरा घालताना उजवा हात आधी घातला. दोन दिवसांत तेरा नोंदी झाल्या. टिपण्याने त्या डॉक्टरांना पाठवल्या. डॉक्टरांचं उत्तर आलं की नोंदी फार मोलाच्या आहेत, त्यांचा नक्की विचार होईल, पण खुद्द वस्तादच काही फरक नाही म्हणत असतील तर त्यांचा शब्द ओलांडून पुढे जाता येणार नाही. संयूला राग आला. मग पटलं, आणि त्यामुळे आणखीच राग आला.

सरळ आबांनाच विचारायचं धाडस तिने शुक्रवारी एकदा केलं. त्यांनी तिच्याकडे असं बघितलं की ती तडक अभ्यासाला बसली.

शनिवारच्या मेहनतीत (तालमीतल्या रोजच्या सरावात) संयूची जोड तिच्याहून मोठ्या मुलीशी लागली. संयूचा तोल गेला, तिने सावरायला उजवा हात टेकला आणि मनगटात कट्ट असं काहीतरी वाजलं. कळ थेट कोपरापर्यंत गेली. संयू उठली, माती झटकली आणि पुन्हा भिडली. नंतर सगळ्यांबरोबर वीस जोरही मारले. प्रत्येक जोराला डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, पण तिने तोंडातून आवाज काढला नाही. घरी येऊन तिने मनगट खूप चोळलं. दाराशी धिप्पाड गडी उभे करायचा प्रयत्न केला. या वेळी चोळल्याने ते आणखीच ठणकायला लागलं.

रविवारी हौद्याची माती उकरायचा दिवस होता. दर पंधरा दिवसांनी माती खालीवर करायची, तिच्यात ताक, तेल, हळद आणि लिंबाचा रस घालायचा, म्हणजे ती मऊ राहते. सगळी पोरं घमेली घेऊन लागली होती. दहा वाजता आबांनी सगळ्यांना पोहे दिले आणि ते काठावर बसून पोरांकडे बघू लागले. एकवीस पोरं उजव्या हाताने पोहे खात होती. एक डाव्या हाताने खात होती.

आबा उठून तिच्याजवळ आले आणि समोर उकिडवे बसले.

"संयू, हाताला काय झालं?"

"काही नाही."

"दुखतंय?"

तिने भिंतीकडे पाहिलं, मग आबांकडे. डोळे भरून आले होते तरी आवाज घट्ट ठेवला.

"दोन," ती म्हणाली.

तिने ते मुद्दाम केलं नव्हतं. डाव टाकावा तसं तर अजिबात नाही. त्या घरात वाढलेल्या पोरीला दुसरा आकडा येतच नव्हता. पण आबांचा चेहरा एकदम उतरला. दोन म्हणजे किती असतात, हे त्या तालमीत त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

त्यांनी तिची बाही वर केली. मनगट सुजून निळसर झालं होतं. आबांनी टिपण्याला बोलावून घेतलं. टिपण्याने पोटातून सोनोग्राफीची छोटी दांडी काढून मनगटावरून अलगद फिरवली. पडद्यावर डॉ. मुजावर आल्या. त्यांनी चित्र निरखून पाहिलं आणि हाडाला बारीक चीर असल्याचं सांगितलं. आजच शहरात नेऊन एक्स-रे काढायचा, प्लास्टर घालायचं, महिन्या-दीड महिन्यात भरून येईल. पण असेच चार-आठ दिवस जोर मारत राहिली असती तर हाड सरकलं असतं, आणि वाढत्या वयातलं हाड एकदा वाकडं धरलं की फार जड जातं.

"हिचं कुत्रं खरोखरच्या परक्या माणसावर भुंकत होतं, वस्ताद," डॉक्टर म्हणाल्या. "हे दुखणं ऐकायचं असतं. आणि तुमच्यासारखं जुनं दुखणं शांत करायचं असतं. पण दोन्हींसाठी आधी ते कुणीतरी सांगावं लागतं."

आबा संयूला स्वतः एसटीने शहरात घेऊन गेले. जाताना तिच्या शेजारी बसून पूर्ण वेळ तिचा डावा हात हातात धरून होते. संयूला आठवत होतं तेव्हापासून त्यांनी असं कधी केलं नव्हतं.

पाच वाजायच्या आत ते परतले. संयूचा हात पांढऱ्या प्लास्टरमध्ये होता. पोरं मेहनतीसाठी जमली होती, टिपण्या नेहमीसारखा रुतला होता. त्याला बाहेर काढल्यावर त्याने नेहमीचा प्रश्न विचारला. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे याहून जास्त दुखूच शकत नाही. आज किती?

आबा हौद्यात उतरले. चिमूटभर माती कपाळाला लावली. पोरं जागच्या जागी थांबली, कारण मेहनत सुरू व्हायच्या आधी वस्ताद कधी हौद्यात उतरत नसत.

"पोरांनो, ऐका," ते म्हणाले. "माझा खांदा दुखतोय. नऊ वर्षं झाली. तार घालायच्या आधी मी दोन सांगत हुतो, ते दोन न्हवते. नऊ हुते. कधी कधी तर दहाच. हात उचलला की डोळ्याम्होरं अंधारी यायची."

बावीस पोरं हौद्याच्या कडेला सरकली.

"आणि आता?" टिपण्याने विचारलं.

"आता तीन. तीन म्हणायची बी लाज वाटत हुती म्हणून दोन म्हणत हुतो. बुधवारी शड्डू मीच ठोकला. डास न्हवता."

टिपण्याच्या पडद्यावरची सरळ रेघ थरथरली आणि तिची उतरण झाली, नऊवरून तीनवर. पण ते फक्त संयूने पाहिलं, कारण बाकीच्यांचे डोळे आबांवर खिळले होते. आबा भिंतीकडे बघत होते.

"दुखतंय म्हणालो न्हवं मी? मग नेम म्हंजे नेम," ते म्हणाले.

जोर मारायला डॉक्टरांची मनाई होती. म्हणून त्यांनी बैठका काढायला सुरुवात केली. सहासष्ट वर्षांचे वस्ताद, पोरांसमोर, स्वतःची शिक्षा भोगत. पंधराव्या बैठकीला मोठ्या गटातला एक जण हौद्यात उतरून त्यांच्या शेजारी उठाबशा काढू लागला. मग दुसरा. विसाव्या बैठकीपर्यंत सगळी तालीम खालीवर होत होती, प्लास्टर सांभाळत संयूसुद्धा. टिपण्या मोजत होता. पन्नास झाल्यावर संयूला रडूही येत होतं आणि हसूही, आणि तिने दोन्ही आवरलं नाही.

गुरुवारी डॉ. मुजावर आल्या. आबांनी सगळे आकडे पुन्हा स्वतःच्या तोंडाने सांगितले, आणि संयूच्या तेरा नोंदी त्यांच्याशी तंतोतंत जुळल्या. कायमच्या यंत्राचा निर्णय झाला. खांद्याच्या कातडीखाली बसेल एवढंच ते असणार होतं. दुखणं अगदी शून्यावर येईल असं वचन मी देत नाही, डॉक्टर म्हणाल्या. तीन टिकले तरी मला मागणं नाही, असं आबा म्हणाले.

संयूने मात्र विचारलं की दुखणं मोजायचं यंत्र कधी निघेल. म्हणजे कुणाला लपवताच येणार नाही.

डॉक्टर म्हणाल्या की मज्जातंतूंचे निरोप ऐकून आपले ठोके आपणच कमीजास्त करणारी यंत्रं बनवायचं काम जोरात सुरू आहे. तू मोठी होशील तोवर ती फार हुशार झालेली असतील, कदाचित एखादं तूच बनवशील. "तरीसुद्धा," त्यांनी पुढे विचारलं, "रविवारी तुझं मनगट सुजलंय हे कुणाला दिसलं?" संयूने आबांकडे बघितलं.

दसऱ्याला तालमीच्या भिंतीवर नवा रंग द्यायचा होता. तोवर प्लास्टर निघालं होतं आणि आबांच्या खांद्यात कायमचं यंत्र बसलं होतं. आबांनी आधी जुन्या ओळीला हात जोडले, कारण ती त्यांच्या वस्तादांची होती. मग तिच्यावर चुना फिरवला आणि ब्रश उजव्या हातात घेतला. मजकूर डोक्याच्या वर होता. नऊ वर्षांत तो हात तेवढा वर गेला नव्हता. पोरं मागे दाटीवाटीने उभी राहून बघत होती. हात सावकाश वर गेला, मध्ये एकदा थांबला आणि पुन्हा वर गेला. अक्षरं ठळक आणि ताठ उमटली: 'दुखणं लपवेल त्याला पन्नास जोर.'

मेहनतीआधी एकेकाला आकडा विचारायचं काम आता संयूकडे होतं. तिने बाकीच्या एकवीस जणांचे आकडे घेतले. एकाने अंगठ्याचे चार सांगितले, त्याला तिने बसवून ठेवलं. शेवटी ती आबांपुढे उभी राहिली. त्यांच्या बोटांना अजून काळा रंग लागलेला होता.

"आबा, किती?"

आबांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि भिंतीवरच्या ओल्या अक्षरांकडे एकदा पाहिलं.

"साडेतीन," ते म्हणाले. "लिवताना जरा ताण पडला."

टिपण्याने अर्धा आकडा चालतो का, असं विचारलं.

"खरा असला की चालतो," संयू म्हणाली, आणि तिने साडेतीन लिहून घेतले.